देवबागच्या खाडीसाठी चार पॅडलबोर्ड: एका खरेदीचं प्रकरण

देवबाग म्हणजे तारकर्लीच्या दक्षिणेला गेलेली वाळूची चिंचोळी पट्टी. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्ली नदीची खाडी आणि टोकाला दोघांचा संगम. या पट्टीवर खाडीच्या अंगाला एका कुटुंबाचं निवास-न्याहारीचं घर आहे. चार खोल्या, माडांची बाग, आणि मागच्या दारच्या जांभ्याच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या. घर दोघे भाऊ आणि थोरल्याची बायको मिळून चालवतात. वडील आता थकलेत. त्यांचं सगळं आयुष्य रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यावर, आणि होडीवर गेलं. पाहुणे बहुतेक कोल्हापूर, बेळगाव, पुण्याकडचे. स्कूबा, पॅरासेलिंग, जेटस्की गावात मिळतंच. दारातल्या शांत पाण्यावर करता येईल असं काही घरचं हवं, म्हणून स्टँड-अप पॅडलबोर्ड, म्हणजे उभं राहून लांब वल्ह्याने वल्हवायच्या फळ्या, घ्यायचे ठरले. चार बोर्ड, खर्च अडीच लाखांच्या आत, आणि दिवाळीच्या सुट्ट्यांआधी हातात.

धाकटा माझा मित्र. मी वल्हवतो ते पुण्याजवळच्या धरणांवर, तरी सामानाची माहिती आहे म्हणून त्याने मला तीन दरपत्रकं पाठवली. पहिलं होतं इपॉक्सीच्या, म्हणजे आत फोम आणि वर कडक रेझिनचं कवच असलेल्या बोर्डांचं, ११ फूट ६ इंच लांब आणि ३२ इंच रुंद. दुसरं सगळ्यात स्वस्त: हवेचे बोर्ड, १० फूट लांब, ३० इंच रुंद, पावणेपाच इंच जाड, वर ठळक अक्षरांत 'क्षमता १५० किलो'. तिसरं त्याचं लाडकं. २०२४ च्या मार्चमध्ये मंगळुरूजवळ ससिहित्लूच्या किनाऱ्यावर एपीपी वर्ल्ड टूर या पॅडलबोर्डच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेचा टप्पा झाला, तो बघायला हा गेला होता. तिथले १४ फुटी शर्यतीचे बोर्ड पाण्यावरून ज्या वेगाने जातात ते एकदा पाहिलं की डोक्यातून जात नाही, हे मलाही मान्य आहे. त्या दरपत्रकात असे दोन बोर्ड होते आणि सगळे पैसे त्या दोघांतच संपत होते.

"यातलं कुठलं घेऊ?" एवढाच त्याचा प्रश्न. उत्तर द्यायला मला देवबागला जावं लागलं.

खाडीचा हिशेब

काकांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, पहिल्याच संध्याकाळी दरपत्रकांकडे न बघता सांगितलं, "वारो खंयसून येता तां आधी बघ, मगे फळयेचा बोल." मला वाटतं, अख्ख्या खरेदीतला हा सगळ्यात कामाचा सल्ला होता.

शाळेच्या भूगोलातले मतलई आणि खारे वारे इथे रोज हजेरी लावतात. हिवाळ्या-उन्हाळ्यात पहाटेपासून मतलई वारा जमिनीकडून, पूर्वेकडून येतो. समुद्राच्या बाजूला तो माणसाला किनाऱ्यापासून आत ढकलतो. सकाळचा समुद्र तळ्यासारखा दिसतो तो याच वाऱ्यामुळे, आणि नवख्याला त्याचाच धोका जास्त. खाडीच्या बाजूला मात्र तोच वारा पलीकडच्या तीरावरून देवबागकडे, म्हणजे घराकडे आणतो. दुपारनंतर खारा वारा वायव्येकडून सुटतो आणि चित्र उलटतं. घराच्या पायऱ्यांवरून निघालेला बोर्ड आता आग्नेयेला, संगमाच्या आणि भोगव्याच्या दिशेने सरकायला लागतो.

त्यात भर पाण्याच्या ओढीची. कोकणात भरतीची वेळ काढायची जुनी रीत आहे: तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. मिनिटाचा नेम नसतो, पण बेत ठरवायला पुरेसं आहे. आता हे वाऱ्याशी जोडून पाहा. पौर्णिमा-अमावस्येला उधाण, पाणी सगळ्यात जास्त चढतं-उतरतं, आणि सुकती, म्हणजे ओहोटी, लागते ती दुपारी बारानंतर, संध्याकाळपर्यंत. नेमका तेव्हाच खारा वारा जोरात. ओढ दक्षिणेला, संगमाकडे. वाराही साधारण तिकडेच. वारा आणि ओढ समोरासमोर आले तर पाणी खडबडीत होतं आणि माणूस आपोआप जपून राहतो. दोघं एकाच दिशेला असले की पाणी गुळगुळीत दिसतं आणि जाताना वाटतं, वा, काय छान जमतंय आपल्याला. पौर्णिमेच्या शनिवार-रविवारी सूर्यास्ताची फेरी ही पाहुण्यांची सगळ्यात आवडती वेळ, आणि या खाडीत सगळ्यात वाईट तीच.

किती वाईट, ते आम्ही मोजलं. असोला, म्हणजे न सोललेला नारळ पाण्यात टाकला. तो जवळजवळ बुडलेलाच तरंगतो, त्यामुळे त्याच्यावर वाऱ्याची फारशी मात्रा चालत नाही आणि पाण्याची ओढ तेवढी कळते. दोन खांबांमधलं पन्नास मीटर अंतर त्याने उधाणाच्या सुकतीला साधारण एका मिनिटात कापलं. म्हणजे ताशी तीन किलोमीटर. नवखा माणूस बोर्डवर सपाट पाण्यात ताशी साडेतीन-चार किलोमीटर जातो, तेही पडला नाही तर. वाऱ्याला त्याचं उभं अंग मिळतं ते वेगळंच. थोडक्यात, जाताना मजेत गेलेला पाहुणा परतीला जीव खाऊन वल्हवेल आणि जागच्या जागी राहील.

यावर कुठलाही बोर्ड हे उत्तर नाही. त्या वेळेला पाहुण्यांना पाण्यावर सोडायचं नाही, एवढंच उत्तर आहे, आणि ते वहिनींनी, म्हणजे थोरल्याच्या बायकोने, बुकिंगच्या वहीत तिथीनुसार लिहून टाकलं. पण सामान निवडायचा निकष इथून मिळाला. वेळ चुकली, वारा लवकर सुटला, पाहुणा सांगितल्यापेक्षा लांब गेला, तर त्याला परत आणायला काय लागेल? बोर्ड, वल्हं, फिन (बोर्डाखालचा पर), लीश (माणसाला बोर्डाशी बांधणारी दोरी), सगळं या शेवटच्या पाव तासासाठी निवडायचं. जाण्याचा प्रवास कुठल्याही सामानावर होतो.

कोण उभं राहणार

दुसरी माहिती वहिनींकडून आली. गेल्या हंगामातले पाहुणे त्यांना तोंडपाठ. निम्म्याहून जास्त बायका-मुलं. दहांतल्या दोघा-तिघांना पोहता येतं, त्यातलेही बरेच विहिरीत शिकलेले. वजनं ४५ किलोंपासून १०५ पर्यंत. बाप पुढ्यात पोराला बसवून जायचं म्हणणार हे नक्की. आणि पोहण्याचे कपडे घेऊन कुणी येत नाही. जीन्स किंवा सलवार-कमीज. ओली ओढणी लीशमध्ये गुंतली तर काय होईल, हा प्रश्न आम्हा पुरुषांपैकी एकाच्याही डोक्यात आला नव्हता. पातळ, लवकर वाळणाऱ्या टी-शर्ट आणि टाइट्सचा एक गठ्ठा घरात ठेवायचा, हा यादीतला सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात शहाणा खर्च.

एवढ्यावर तिसरं दरपत्रक बाद झालं. १४ फुटी शर्यतीचे बोर्ड २३-२६ इंच रुंद असतात. नवखा त्यावर उभा राहायच्या आत पाण्यात असतो.

'क्षमता १५० किलो' या आकड्याचंही सांगितलं पाहिजे. एक लिटर गोडं पाणी एक किलो उचलतं, खारं थोडं जास्त. १० फूट ६ इंच लांब, ३२ इंच रुंद, ६ इंच जाड हवेच्या बोर्डात तीनशे लिटरच्या आसपास जागा असते. त्यामुळे १५० किलोचा माणूस त्यावर बुडणार नाही, हे खरंच आहे. प्रश्न बुडण्याचा नसतोच. उभ्या माणसाला तोल मिळतो तो मुख्यतः रुंदीतून, आणि बोर्ड पुढे सरकतो तो सरळ राहिला तर. मधे वजन पडल्यावर हवेचा बोर्ड केळ्यासारखा वाकला, की दोन्ही टोकं वर येतात, मधलं पोट पाणी ढकलत बसतं आणि वल्ह्याची निम्मी ताकद वाया जाते. परतीच्या पाव तासात नेमकं हेच परवडत नाही.

गावातच एकाकडे पावणेपाच इंच जाडीचा स्वस्त बोर्ड होता. ६ इंचाचा एक गोव्यातल्या ओळखीतून उसना आणला. दोन स्टुलं सात फुटांवर ठेवून त्यांवर बोर्ड आडवा टाकला, मधे थोरल्याला उभं केलं (तो शंभरीच्या जवळपास आहे, आणि त्याला हे फारसं आवडलं नाही), आणि बाजूने दोरी ताणून बाक मोजला. पातळ बोर्ड चार बोटं खचला. ६ इंचाचा, पूर्ण १५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरलेला, जेमतेम एक बोट. जाडी सव्वा-दीडपट झाली की कडकपणा त्याहून बराच जास्त वाढतो. उरलेलं काम हवेचा दाब आणि बोर्डाच्या कापडाचा दर्जा करतो. दुकानदाराला ही चाचणी करू द्या म्हटलं की तो कसा वागतो, यावरूनही पुष्कळ कळतं.

कडक, हवेचा की प्लास्टिकचा

इपॉक्सीचा कडक बोर्ड पाण्यावर सुरेख घसरतो. हवेचा बोर्ड त्याची बरोबरी करत नाही, आणि जो विक्रेता करतो म्हणतो त्याच्याकडून काही घेऊ नये. थोरला त्याच्याच बाजूने होता. त्याचा मुद्दा असा की मालवणात फायबरच्या होड्या जागोजागी दुरुस्त होतात, तर बोर्डाला चीर गेली म्हणून काय बिघडलं?

इथे एक बारीक पण महाग पडणारी गोष्ट आहे. होड्यांच्या कामात मिस्त्री बहुधा पॉलिएस्टर रेझिन वापरतात. इपॉक्सी बोर्डाच्या पोटात असतो ईपीएस फोम, म्हणजे थर्माकोलच्याच जातीचा. पॉलिएस्टर रेझिनमधलं स्टायरीन त्या फोमला विरघळवतं. मिस्त्री चांगल्या मनाने ठिगळ मारेल आणि आतून बोर्डाला पोकळी पडेल. त्याला इपॉक्सी रेझिनच लागतं, आणि त्याआधी आत गेलेलं पाणी पूर्ण वाळवावं लागतं. दमट किनाऱ्यावर हे वाळवणं किती दिवस चालेल याचा नेम नाही. शिवाय जांभ्याच्या पायऱ्या, पायऱ्यांवर कालवं आणि रोज उतरणारे अनोळखी हात. खरचटणं ठरलेलं. साडेअकरा फुटी खोकी देवबागपर्यंत आणायची वाहतूक वेगळी. पडताना कपाळ कडक कडेवर आपटण्याचा मुद्दा मी शेवटी मांडला आणि वहिनींनी तिथेच इपॉक्सीवर काट मारली.

रोटोमोल्ड, म्हणजे साच्यात फिरवून ओतलेल्या पोकळ प्लास्टिकचा बोर्ड या तिन्हींत सगळ्यात टणक. उन्हात टाका, दगडावर घासा, काही होत नाही. पण वजन वीस किलोंच्या पुढे जातं आणि चाल म्हशीची. भाड्याच्या धंद्यात त्याला जागा आहे असं माझं मत होतं आणि अजूनही आहे. पण पायऱ्यांवरून रोज चार बोर्ड चढवणं-उतरवणं मुख्यतः वहिनी आणि कामाला येणारी मुलगी करणार होत्या, म्हणून त्यांनी नाही म्हटलं.

राहिला हवेचा. आतून हजारो धाग्यांनी वरचं आणि खालचं कापड एकमेकांना बांधलेलं असतं, म्हणून १५ पीएसआय भरूनही तो फुगा न होता फळी राहतो. ही युक्ती बोर्डांसाठी निघालेली नाही. १९५६ साली गुडइयर कंपनीने हवा भरून उभं राहणारं विमान बनवलं, त्याच्या पंखांत हीच विणकाम-पद्धत होती. आज बाजारात एकेरी थराचे, चिकटवलेल्या दुहेरी थराचे आणि कारखान्यातच उष्णतेने दुसरा थर बसवलेले, असे प्रकार मिळतात. पहिला हलका पण लेचापेचा, दुसरा टिकाऊ पण जड, तिसरा दोन्हींच्या मधला आणि किमतीनेही थोडा वर. रोजच्या वापराला तिसरा घ्यावा. सांधे गोंदाने जोडलेत की वितळवून, हेही विचारावं. उन्हात वर्षभर पडणाऱ्या बोर्डाचा सांधाच आधी सुटतो.

उन्हाचा एक हिशेब करून भिंतीला लावला. सकाळी २७ अंशांना १५ पीएसआय भरलेला बोर्ड दुपारी उन्हात ५७ अंशांपर्यंत तापला, तर आतला दाब किती? दाब मोजायच्या गेजवरचे १५ आणि वातावरणाचे १४.७ मिळून २९.७. केल्व्हिनमध्ये तापमान ३०० वरून ३३० झालं, म्हणजे दहा टक्के वाढ. ३२.७ मधून १४.७ वजा केले की गेजवर १८. वरच्या मर्यादेजवळ भरलेला बोर्ड इथे सांध्यावर फाटू शकतो. उलटही तितकंच खरं: भर उन्हात तापल्यावर १५ भरला आणि खाडीच्या पाण्यात सोडला, तर तो थंड होऊन १२ वर येतो आणि केळं होतो. म्हणून हवा सावलीत भरायची, बोर्ड पाण्यात भिजवून पाच मिनिटांनी पुन्हा गेज लावायचा, आणि दुपारी बोर्ड माडांच्या सावलीत ओढून दोन-तीन पीएसआय सोडायची.

पंपावर फार वेळ घालवू नये. १२ व्होल्टचा विजेचा पंप घ्या, एक हातपंप राखीव ठेवा.

रुंदीवर शेवटची चर्चा झाली. ३४ इंच रुंद बोर्ड ३२ इंचीपेक्षा सावकाश जातो, यात शंका नाही. पण नवख्याचा वेळ खरा जातो तो पडण्यात आणि पुन्हा चढण्यात. न पडता सावकाश येणारा माणूस आधी घरी पोचतो. म्हणून तीन बोर्ड १० फूट ८ इंच लांब, ३४ इंच रुंद, ६ इंच जाड. चौथा १२ फूट ६ इंच लांब, ३० इंच रुंद, टोकदार नाकाचा टूरिंग, म्हणजे लांब पल्ल्याचा बोर्ड, तो धाकट्यासाठी. ही त्याची समजूत काढणं नव्हतं. सोबत जाणाऱ्याला पाहुण्यांपेक्षा वेगाने जाता आलं पाहिजे आणि दोरी लावून एखाद्याला ओढून आणता आलं पाहिजे. तरी वाऱ्यात माझा भरवसा घरातल्या जुन्या प्लास्टिक कयाकवर जास्त आहे. बसलेल्या माणसाला वारा कमी लागतो आणि दुहेरी पात्याचं वल्हं वाऱ्याविरुद्ध बरं चालतं. यावर आमचं एकमत झालं नाही. खारा वारा सुटल्यावर कयाक पाण्यात तयार हवी, एवढं मात्र ठरलं.

फिन

बोर्डासोबत ९ इंची मधली फिन येते. ती बोर्ड सरळ ठेवते. नवखा एका बाजूने तीन-चार वेळा वल्हवूनही गोल फिरत नाही, ते तिच्यामुळे. पण या खाडीत सुकतीला वाळूचे उंचवटे वर येतात. गुडघाभर पाण्यात ९ इंची फिन वाळूत रुतली की बोर्ड जागीच थांबतो आणि माणूस पुढे उडतो. उथळ पाण्यात डोक्यावर किंवा मनगटावर पडणं ही या खेळातली नेहमीची दुखापत आहे, आणि तिच्या मुळाशी बऱ्याचदा फिन असते.

म्हणून प्रत्येक बोर्डाला दोन फिन. भरतीला ९ इंची, उतरत्या पाण्याला साडेचार इंचाची लवचिक. आखूड फिनने बोर्ड थोडा भरकटतो. म्हणून बाजूला दोन छोट्या पक्क्या फिन असलेलंच मॉडेल निवडलं, म्हणजे मधली आखूड असतानाही वळण आवाक्यात राहतं. फिनला मागे जास्त उतार असेल तर रापणीचे दोर आणि गवत त्यावरून निसटतात. सरळ उभी फिन त्यांना धरून बसते.

आणि एक अट, जिच्यावर मी दुकानदाराशी सगळ्यात जास्त वाद घातला: फिनची खाच सर्वांना चालणारी, सरकत्या जातीची, 'यूएस बॉक्स' म्हणतात तीच हवी. काही कंपन्या आपल्यापुरती खाच बनवतात. फिन हरवली की मग त्याच कंपनीकडे हात पसरायचे, आणि ती मिळेपर्यंत ऐन हंगामात बोर्ड माळ्यावर.

वल्ही

सोबत फुकट येणारी अ‍ॅल्युमिनियमची वल्ही साधारण एक किलोची असतात. फायबरग्लासचं सातशे ग्रॅमच्या आसपास. तीनशे ग्रॅम म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण मिनिटाला तीस वेळा वल्हवलं तर तासाला अठराशे वेळा, म्हणजे खांद्यांनी तासाभरात पाचशे चाळीस किलो जास्तीचे उचलले. तरीही पाहुण्यांसाठी अ‍ॅल्युमिनियमच ठेवलं, कारण ते जांभ्यावर आपटतात. दोनच फायबरग्लासची घेतली: एक धाकट्यासाठी, दुसरं पन्नास किलोंच्या आतल्या पाहुण्यांसाठी, लहान पात्याचं. लहान चणीच्या माणसाला मोठं पातं दिलं की तो दहा मिनिटांत थकतो आणि थकलेला माणूसच पडतो.

लांबी माणसाच्या उंचीपेक्षा एक वीतभर जास्त. दीडशे सेंटिमीटर उंचीच्या बाईंना १७०, सहा फुटी माणसाला २०५ च्या आसपास. म्हणून लांबी बदलता येणारी वल्हीच घ्यावीत. दुसरं कारण परतीचं. वारा वाढला की गुडघ्यांवर बसायचं, वल्हं आखूड करायचं आणि हात खाली घेऊन ओढायचं. एकाच लांबीच्या सुंदर कार्बन वल्ह्याने हे नीट होत नाही. याच कारणाने बोर्डावरचं मऊ आवरण पुढेपर्यंत असलेलं पाहिलं, नाहीतर गुडघे सोलतात.

खाऱ्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियमचा दांडा आणि स्टीलची पिन एकमेकांना खातात आणि सांधा जाम होतो. रोज गोड्या पाण्याने धुवायचं, सांधे उघडून ठेवायचे, दुसरा इलाज नाही. पात्याचा बाक पुढे असतो. दहांतले आठ जण ते उलटं धरतात. वहिनींनी प्रत्येक पात्याच्या पुढच्या बाजूला लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला: 'लाल पुढे'.

लीश, जॅकेट आणि काकांची रिकीब

वाऱ्यात पाण्यात पडलेल्या माणसाच्या हातून बोर्ड सुटला, तर तो पोहणाऱ्यापेक्षा वेगाने पळतो. म्हणून लीश सक्तीची, यावर कुणाचंच दुमत नव्हतं. मतभेद झाला तो ती बांधायची कुठे यावर. बोर्डांसोबत घोट्याला बांधायची लीश येते. समुद्राच्या मोकळ्या पाण्यात ती ठीक. वाहत्या पाण्यात, जिथे खुंट आहेत, नांगरांचे दोर आहेत, जाळी आहेत, तिथे ती अडकली की ओढ माणसाला पालथा धरून ठेवते आणि पाण्याच्या जोराविरुद्ध वाकून घोट्यापर्यंत हात पोचत नाही. २०२१ च्या ऑक्टोबरात वेल्समधल्या हॅवरफर्डवेस्ट गावी नदीच्या बंधाऱ्यावरून पॅडलबोर्डवाल्यांची सहल गेली आणि चौघांचा जीव गेला. पूर असताना पाण्यात उतरणं हेच तिथलं मुख्य कारण. पण त्यानंतर वाहत्या पाण्यात कमरेच्या पट्ट्याची, एका ओढीत सुटणारी लीश वापरा, हे तिकडे पुन्हा पुन्हा सांगितलं जाऊ लागलं.

कर्लीची खाडी म्हणजे नदीच. म्हणून पाच कमरपट्टे, त्यांना गुंडाळीची लीश, आणि प्रत्येक पाहुण्याने निघण्याआधी काठावर डोळे मिटून पट्टा सोडून दाखवायचा. सोडण्याचा गोळा पोटावर, समोर. जॅकेटखाली गेला तर काही उपयोग नाही.

जॅकेटांवर दुकानदाराने कमरेला बांधायचं, दोरी ओढल्यावर फुगणारं पाकीट सुचवलं होतं. दिसायला छान, फोटोत दिसतही नाही. पण ते फुगवून गळ्यात घालावं लागतं. न पोहणारा, नाकातोंडात पाणी गेलेला माणूस हे करणार नाही. फोमची जॅकेटं किती भार पेलतात ते न्यूटनमध्ये लिहितात. दहा न्यूटन म्हणजे साधारण एक किलो. ५० न्यूटनचं जॅकेट पोहता येणाऱ्यासाठी, मदत जवळ असताना. न पोहणाऱ्यांना १००, मानेमागे आधार असलेलं, आणि मुलांना पायांमधून जाणाऱ्या पट्ट्याचं, नाहीतर जॅकेट तरंगतं आणि पोर खालून निसटतं. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २००८ सालीच पॅडलबोर्डला जलयान मानून प्रत्येकामागे जॅकेट सोबत ठेवायला लावलं. इथे महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाच्या परवानगीशिवाय हा धंदा सुरूच करता येत नाही, त्यामुळे जॅकेटाचा प्रश्न आवडी-निवडीचा नव्हता. तीन मापांत आठ घेतली.

आणि मग काका म्हणाले, "पडतलो तो चडतलो कसो?"

आम्ही थोरल्याला पायऱ्यांपासून थोडं आत, छातीभर पाण्यात नेऊन बोर्डवर चढायला सांगितलं. ६ इंच जाड बोर्ड, अंगात फुगीर जॅकेट, वजन शंभर. तीनदा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा तो बोर्डाच्या कडेला लोंबकळत राहिला. काकांनी घरातून नायलॉनची दोरी आणली, बोर्डाच्या मधल्या कड्यातून घेऊन पाण्यात गुडघ्याच्या उंचीला फास सोडला, घोड्याच्या खोगिराला असते तशी रिकीब. त्यात पाय देऊन थोरला एका दमात वर आला. दोरी पायात राहू नये म्हणून त्यांनी फास रुंद ठेवला, त्यात रबरी नळीचा तुकडा ओवला, म्हणजे तो मिटत नाही, आणि वापर झाल्यावर तो बोर्डावरच्या जाळीखाली खोचायचा असं ठरवून दिलं. ही वस्तू कुठल्याही दरपत्रकात नव्हती.

पैसे कुठे गेले

तीन रुंद बोर्ड प्रत्येकी ३८ हजार, म्हणजे १ लाख १४ हजार. टूरिंग बोर्ड ५८ हजार. दोन फायबरग्लास वल्ही १८ हजार. कमरपट्टे आणि लीश साडेसतरा हजार. जॅकेटं २४ हजार. फिन, पंप, गोंद-ठिगळं, दोऱ्या, कपडे वगैरे साडेसोळा हजार. एकूण २ लाख ४८ हजार. लीश आणि जॅकेटांवर एवढे पैसे जाताना धाकट्याचा चेहरा पडला होता, कारण त्यात आणखी एक बोर्ड बसला असता.

पहिल्या हंगामात रुंद बोर्ड कधी रिकामे राहिले नाहीत. टूरिंग बोर्डवर पाहुण्यांपैकी क्वचितच कुणी चढला, आणि चढला तो बहुतेक उतरलाच. एका बोर्डाला कालवाने चीर पाडली. पीव्हीसीचं ठिगळ, दोन भागांचा गोंद आणि चोवीस तास सावलीत दाबून ठेवणं, एवढ्यात काम झालं. गळती नेमकी कुठे ते साबणाच्या फेसाने सापडलं. आखूड फिन मात्र तीन हरवल्या, कारण बदलताना खिळी पाण्यात पडते. आता खिळ्या दोऱ्याने बांधलेल्या असतात.

पावसाळ्यात जलक्रीडा बंद. बोर्ड धुऊन, पुरते वाळवून, सैल गुंडाळून माळ्यावर गेले. घट्ट गुंडाळलं तर घडीवर कापड चिरतं, ओले ठेवले तर बुरशी येते, आणि उंदरांना पीव्हीसी का आवडतं ते कळत नाही, पण आवडतं. म्हणून पत्र्याच्या पेट्या.

नारळी पौर्णिमा झाली की पेट्या उघडतील. पुढच्या हंगामासाठी वहिनींना शाळेच्या सहलींकरता दोन प्लास्टिकचे बोर्ड हवे आहेत, बसून दोघं-तिघं जातील असे. ते पायऱ्यांवर न चढवता पाण्यातच बांधून ठेवता येतील असं त्यांनी काकांकडून वदवून घेतलंय. धाकट्याने मला नवं दरपत्रक पाठवलंय. त्यात एकच वस्तू आहे, १४ फुटी, आणि खाली लिहिलंय की ही स्वतःच्या पैशाने.